चाल एकाची, गाणे दोघांचे

पेणच्या विसर्जन मिरवणुकीत किंवा रोह्याकडच्या एखाद्या वरातीत ब्रास बँड वाजू लागला, की काही गाणी हटकून येतात. मध्यंतरी बेंजोची पथके आली, डीजेच्या भिंती आल्या; तरीही भगवानदादांच्या 'अलबेला'तील गाण्यांना मरण नाही. ट्रम्पेटवाला गाल फुगवून 'शोला जो भडके'चे पहिले स्वर काढतो आणि कडेने चालणारे आजोबाही हात हलवत दोन पावले टाकून घेतात.

या वरातीत एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बँडला शब्द नसतात. मुखडा आणि अंतरा एवढीच चाल वाजवली, तर ते गाणे कोरडे वाटेल. म्हणून बँडवाले दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडेही जसेच्या तसे वाजवतात. नाचणाऱ्यांचा खरा जोर येतो तोही नेमका याच तुकड्यांवर. तो तुकडा चुकला, तर गाणे चुकले असेच समजले जाते. मग तो तुकडा कोणाचा? जाणकार श्रोता लगेच सी. रामचंद्र हे नाव घेईल. उत्तर बरोबर आहे. पण बहुधा अर्धेच बरोबर आहे.

उरलेल्या अर्ध्या उत्तराचा शोध घ्यायचा, तर आधी अमेरिकेकडे वळावे लागते. जगातील सर्वांत नामांकित जॅझ बिग बँडच्या बाबतीत हाच प्रश्न अनेक दशके रेंगाळत होता आणि तिथे त्याचे उत्तर पुष्कळ अंशी मिळालेही आहे.

ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद १९२० च्या दशकापासून १९७४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अखंड वाजत राहिला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि सोबतीला पियानो, बास, ड्रम अशा पंधरा-सोळा वादकांच्या ताफ्याला बिग बँड म्हणतात. एवढे वादक मनाला येईल तसे वाजवू लागले, तर गोंगाट होईल. त्यामुळे प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेला कागद असावा लागतो आणि तो लिहिणारा कुणीतरी असावा लागतो. एलिंग्टन यांच्याकडे असा माणूस १९३८ च्या डिसेंबरात पिट्सबर्ग शहरात चालत आला. त्याचे नाव बिली स्ट्रेहॉर्न. वय २३ वर्षे, चष्मा, बुटका बांधा, औषधांच्या दुकानात नोकरी. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत या तरुणाने एलिंग्टन यांना त्यांचीच रचना आधी त्यांच्या पद्धतीने आणि मग आपल्या पद्धतीने पियानोवर वाजवून दाखवली. एलिंग्टन यांनी त्याला न्यूयॉर्कला बोलावले आणि घरी कसे यायचे तेही सांगितले. भुयारी रेल्वेची 'ए' गाडी पकडायची, ती हार्लेमला आणून सोडते. त्या पत्त्यातूनच 'टेक द ए ट्रेन' ही रचना जन्मली.

ती रचना पुढे एलिंग्टन बँडची ओळख बनली, त्याला मात्र एक व्यावहारिक भांडण कारणीभूत ठरले. १९४१ च्या आरंभी संगीतकारांची हक्कसंस्था आणि अमेरिकेतील रेडिओ कंपन्या यांच्यात मानधनावरून वाद पेटला. संस्थेच्या सभासदांच्या रचना रेडिओवर वाजेनाशा झाल्या. एलिंग्टन सभासद होते, स्ट्रेहॉर्न नव्हते. बँडला रेडिओवर टिकायचे, तर नव्या माणसाच्या रचनांखेरीज पर्याय उरला नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये 'ए ट्रेन'चे ध्वनिमुद्रण झाले आणि पुढची तीन दशके बँडचा कार्यक्रम याच रचनेने सुरू होत राहिला. ऐकणाऱ्यांतील बहुतेकांना ती एलिंग्टन यांचीच वाटे. आजही अनेकांना वाटते.

स्ट्रेहॉर्न २८ वर्षे त्या बँडसाठी लिहीत राहिले. मंचावर ते क्वचितच दिसत. अनेक रचनांवर दोघांची नावे पडली, काहींवर केवळ एलिंग्टन यांचे. ते समलिंगी होते आणि १९४० च्या दशकातही त्यांनी ते लपवले नाही. झगमगाटापासून दूर राहिल्यामुळेच त्यांना आपल्या मनासारखे जगता आले, असे त्यांचे चरित्रकार डेव्हिड हाजदू यांचे प्रतिपादन आहे. एलिंग्टन यांनी त्यांना लुबाडले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. घरभाडे, कपडे, प्रवास असा सारा खर्च एलिंग्टन उचलत आणि मंचावरून त्यांचे नावही आवर्जून घेत. परंतु जाहिरातीत, तिकिटावर, रेकॉर्डच्या वेष्टनावर एकच नाव विकले जात होते आणि बाजार दोन नावे लक्षात ठेवत नाही.

हे स्ट्रेहॉर्न भारतात येऊन गेले होते, याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. १९६३ च्या शरदात अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टन बँडला मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, मद्रास, मुंबई, कोलकाता असा तो प्रवास होता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा पियानोवर स्ट्रेहॉर्न बसले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे नोव्हेंबरात हा दौरा अर्धवट सोडावा लागला, पण त्याची स्वरांतील नोंद 'फार ईस्ट स्वीट' या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डवर राहिली. तिच्यात एक रचना दिल्लीतल्या मैनेवर आहे. मुक्कामाच्या जागी ऐकलेल्या मैनेची शीळ स्ट्रेहॉर्न यांनी क्लॅरिनेटच्या तोंडी दिली. त्याच वर्षी ३१ मे रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

एलिंग्टन यांचा बँड ज्या मुंबईत वाजला, तिथे स्ट्रेहॉर्न यांच्याच पिढीचे, त्यांच्याच धाटणीचे काम करणारे काही वादक आधीपासून होते. त्यांतले अग्रणी चिक चॉकलेट. हे अर्थातच मंचावरचे नाव. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६ चा, गाव बार्देश तालुक्यातील हळदोणे. स्ट्रेहॉर्न यांच्याहून ते एका वर्षाने लहान होते आणि योगायोग असा, की त्यांचेही निधन १९६७ मध्येच झाले. ट्रम्पेट वाजवण्याची ढब, घोगरा गळा, हातातला पांढरा रुमाल या सगळ्यांमुळे मुंबईकर त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हळदोण्याचा मुलगा जॅझकडे वळला कसा, याचे मूळ पोर्तुगीज गोव्यातील चर्चच्या शाळांत आहे. सोळाव्या शतकापासून या शाळांत मुलांना प्रार्थनासंगीतासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. व्हायोलिन हाती येई, समोरचा कागद वाचून गाता-वाजवता येई. आपल्याकडच्या संगीतपरंपरेत कागदाला दुय्यम स्थान आहे. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, असा तिचा प्रवास. त्यामुळे एक वेगळीच परिस्थिती उद्भवली. रागाची जाण असलेले शेकडो कलावंत मुंबईत होते, पण पन्नास वादकांना एकाच वेळी एकच गोष्ट अचूक वाजवायला लावील असा कागद लिहिणारे बहुतांशी गोव्याचेच होते.

आज पनवेलहून निघालेली गाडी पेण, रोहा मागे टाकत कोकण रेल्वेने काही तासांत गोव्यात पोहोचते. १९९८ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग त्या पिढीच्या नशिबी नव्हता. पणजीहून बोटीने भाऊचा धक्का, नाहीतर लोंढ्यावरून वळसा घालणारी रेल्वे, अशा वाटांनी ही मंडळी मुंबईत येत आणि धोबीतलावच्या परिसरातील गावागावांच्या 'कुडां'त पथारी टाकत. संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या पडद्यासमोरचे वाद्यवृंद, जहाजे, पंचतारांकित हॉटेले, जिथे कागद वाचणारा वादक हवा तिथे ते गेले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड ताजमध्ये आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून गोव्याच्या तरुणांनी जॅझ उचलला. कागदावरून वाजवणे त्यांना येतच होते. कागद बाजूला ठेवून वाजवणे ते इथे शिकले. १९४० च्या दशकात चिक यांचा 'म्युझिक मेकर्स' हा बँड आधी ग्रीन्स हॉटेलात आणि मग शेजारच्या ताजमध्ये गाजू लागला.

दरम्यान ब्रिटिश गेले, संस्थाने विलीन झाली आणि १९४९ च्या कायद्याने मुंबई प्रांतात दारूबंदी आली. मद्याशिवाय रात्रीच्या नृत्यशाळा किती दिवस चालणार? हॉटेलांचे उत्पन्न घटले, बँड लहान झाले. नेमक्या याच सुमारास हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद फुगत चालले होते. रात्री हॉटेलात वाजवणारा वादक सकाळी ताडदेव किंवा दादरच्या स्टुडिओत दिसू लागला. मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांना मोरारजीभाईंचे आभार मानावे लागतील, असे गमतीने म्हणता येईल.

सी. रामचंद्र हे या बदलाचे सर्वांत चाणाक्ष जाणकार. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर यांच्या कानात मराठी नाट्यसंगीत मुरलेले होते. पण नवे ते टिपण्याची भूकही दांडगी होती. 'शहनाई'तील (१९४७) 'आना मेरी जान'मध्ये त्यांनी शीळ, गिटार आणि हार्मोनिका आणली. 'समाधी'तील (१९५०) 'गोरे गोरे'ची चाल कार्मेन मिरांडा यांनी १९४५ च्या एका अमेरिकी चित्रपटात गायलेल्या गाण्याशी उघड नाते सांगते. 'अलबेला'च्या (१९५१) 'शोला जो भडके'त बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी सामग्री आहे. या काळात त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे सहायक आणि संयोजक चिक चॉकलेट होते.

'संयोजक' म्हणजे अरेंजर. तो नेमके काय करतो, हे जाणून घेतल्याखेरीज ही गोष्ट पुढे सरकत नाही. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधतो. दिग्दर्शक, गीतकार, गायक यांच्यासोबत बैठका होतात आणि चाल पक्की होते. इथवर जे तयार झाले ते एका गळ्यात मावणारे आहे. संयोजक ती चाल स्वरलिपीत उतरवून घेतो. मग प्रश्नांची रांग लागते. सुरुवात कोणत्या वाद्याने करायची? गायिकेचा पहिला स्वर येण्याआधी कान कसा तयार करायचा? चालीखाली कोणते स्वरमेळ चालतील? पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड चुकीचे पडले, तर रागाचा चेहरा विस्कटतो; अजिबात नसले, तर चाळीस व्हायोलिने एकच ओळ घासत बसतात. कडवी जोडणारे तुकडे कोणते? गायिका श्वास घेते तेवढ्या अवकाशात बासरीने काय म्हणावे? हे सारे ठरले, की प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहायचा, तालीम घ्यायची आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हातात काडी घेऊन वाद्यवृंदासमोर उभे राहायचे. संगीत दिग्दर्शक त्या वेळी बहुधा काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाशेजारी बसलेला असे.

संगीत दिग्दर्शक या सगळ्यात हजर नसे, असे मात्र नाही. काही जण तुकडेही स्वतः गुणगुणून सांगत, काही जण वाद्ये सुचवत आणि बाकी संयोजकावर सोपवत, काही जण चाल देऊन मोकळे होत. प्रत्येक जोडीचे गणित निराळे होते. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची सूत्रे दोन दशकांहून अधिक काळ सेबॅस्टियन डिसूझा यांच्याकडे होती. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलांत बँड चालवणारे हे रेईश मागूशचे गृहस्थ. गाणाऱ्याच्या ओळीमागे व्हायोलिनची दुसरी, स्वतंत्र ओळ वाहती ठेवायची आणि तरीही गाणाऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही त्यांची खासियत. शंकर-जयकिशन यांचे गाणे दोन सेकंदांत ओळखू येते ते पुष्कळदा या दुसऱ्या ओळीमुळे. तालाची बाजू दत्ताराम सांभाळत. श्रेयनामावलीत या दोघांची नावे 'सहायक' म्हणून येत. चित्रपटगृहात प्रेक्षक अजून खुर्ची शोधत असत, तेव्हा.

पेणच्या कारखान्यांतील कामाची रीत पाहिली, की ही विभागणी चटकन कळते. साच्यातून मूर्ती काढणारा निराळा, तिचे अवयव जुळवून घोटणारा निराळा, रंग देणारा निराळा आणि डोळ्यांची आखणी करणारा त्याहून निराळा. आखणी सर्वांना जमत नाही. ती झाल्याशिवाय मूर्ती बघत नाही, असे तिथे मानतात. गणपती घरी येतो तेव्हा यजमान कौतुकाने सांगतात, 'पेणचा आहे.' आखणी कोणाच्या हातची, हे कारखान्याच्या मालकाला मात्र पक्के ठाऊक असते आणि त्या हाताला पुढच्या हंगामासाठी तो आधीच बांधून ठेवतो. चित्रपटसृष्टीतही संयोजकाची किंमत धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होती. एकच संयोजक पाच-सहा संगीतकारांकडे काम करी आणि तारखांवरून ओढाताण होई. अनामिकपणा होता तो केवळ बाहेरच्या जगात.

त्याला भाषाही काहीशी जबाबदार आहे. आपण 'चाल लावली' म्हणतो. गाणे म्हणजे शब्द अधिक चाल, हे आपल्या मनातले समीकरण कीर्तनापासून भावगीतापर्यंत पुरेसे होते. तबला-पेटीच्या साथीवर उभ्या राहणाऱ्या गाण्याला तिसरा भागीदार लागत नव्हता. साठ वादकांच्या गाण्याला तो लागला, पण त्याच्यासाठी प्रतिष्ठेचा शब्द काही तयार झाला नाही. रेकॉर्डच्या गोल चिठ्ठीवर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार यांना जागा होती. अर्थात तीही सर्वांना सहज मिळाली नव्हती. 'महल'च्या (१९४९) 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असे पात्राचे नाव छापले होते, हे सर्वश्रुत आहे. लताबाईंनी नावासाठी आणि पुढे रॉयल्टीसाठी झगडा मांडला. त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा होता, म्हणून तो झगडा ऐकला गेला. व्हायोलिनच्या दुसऱ्या ओळीला असा ओळखीचा चेहरा नव्हता.

कायद्याने तर इथे एक विलक्षण विरोधाभास निर्माण केला होता. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने 'संगीतकृती'ची जी व्याख्या केली, तिच्यात स्वरावली आणि स्वरमेळ मोडत होते. परंतु ते छापलेले, लिहिलेले किंवा अन्य प्रकारे कागदावर उतरवलेले असले पाहिजेत, अशी अट होती. शब्दशः पाहिले, तर पेटीवर बांधलेली चाल लिहून घेतली जाईपर्यंत संगीतकृती ठरत नव्हती आणि लिहून घेणारा होता संयोजक! ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. रचनाकार म्हणजे रचना करणारा, मग त्याने ती लिहिलेली असो वा नसो, असे स्पष्ट झाले. आपल्या परंपरेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. संयोजनाला मात्र कायदा 'रूपांतर' मानतो आणि रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे असतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीतावर निर्मात्याचा हक्क असल्याचा निवाडा दिला होता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील अविभाज्य वाटा मिळवून दिला, तेव्हाही संयोजकांची स्वतंत्र गणना झाली नाही. त्यांना ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत आणि हिशेब तिथेच संपे.

याहून मोठी हानी मात्र कायद्याने केलेली नाही, ती रद्दीने केली. स्ट्रेहॉर्न यांना न्याय मिळाला तो कागद शिल्लक राहिल्यामुळे. एलिंग्टन यांचा प्रचंड संग्रह १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आला. स्ट्रेहॉर्न यांचे कागद त्यांच्या कुटुंबीयांनी जपले होते. वॉल्टर व्हान डे लूर या डच अभ्यासकाने या हस्तलिखितांतील हस्ताक्षर पानापानाने पडताळले आणि कोणती रचना, एखाद्या रचनेतील कोणता भाग कोणाच्या हातचा, हे २००२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. तोवर दोघांची शैली इतकी एकजीव आहे, की वेगळी काढताच येणार नाही, असे समीक्षक समजत. कागदांनी दाखवले, की दोघेही अगदी वेगळा विचार करणारे रचनाकार होते.

मुंबईत ध्वनिमुद्रण संपले, की कागदाचे प्रयोजन संपे. गाणे फितीवर आले, आता पाने सांभाळायची कशाला? फार थोडे कागद कुणा हौशी वादकाच्या ट्रंकेत राहिले असतील, बाकीचे गेले. त्यामुळे 'शोला जो भडके'तील अमुक तुकडा चिक यांचा आणि तमुक अण्णांचा, असे हस्ताक्षर दाखवून सिद्ध करण्याची सोय उरलेली नाही. उरल्या त्या वादकांच्या आठवणी. अमेरिकी संशोधक ग्रेगरी बूथ यांनी शेकडो तासांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये आणि पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरील २०१२ च्या पुस्तकात त्या गोळा केल्या. हे काम आणखी वीस वर्षे आधी सुरू झाले असते, तर चिक यांच्या सहकाऱ्यांपैकी कितीतरी अधिक जण बोलायला हयात असते. मराठीत चित्रपटसंगीतावर लेखनाचा पूर आहे. त्यात गायकांच्या आठवणी आणि चालींचे रसग्रहण उदंड आहे. वाद्यवृंदाकडे मात्र आपण आजवर दुर्लक्षच केले.

संधी मिळाली तेव्हा ही माणसे स्वतःच्या नावाने काय करू शकत, याचे दाखले आहेत. चिक चॉकलेट यांनी 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२) आणि 'कर भला' (१९५६) या चित्रपटांना संगीत दिले. तलत महमूद यांचे 'आ तेरी तस्वीर बना लूं' हे 'नादान'मधले. त्या गाण्याचा मुलायमपणा ऐकून हा हॉटेलातल्या ट्रम्पेटवाल्याचा हात आहे, असे कुणाच्या मनातही येणार नाही. ट्रम्पेटवादक आणि संयोजक फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) या कोकणी चित्रपटांची निर्मिती केली. दुसऱ्याची हिंदी आवृत्ती 'तकदीर' नावाने आली.

सर्वांत मोठे स्वप्न पाहिले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी. १९४३ मध्ये नौशाद यांच्याकडे व्हायोलिनवादक म्हणून ते लागले. पुढे 'महल', 'नया दौर' अशा चित्रपटांशी त्यांचे काम निगडित होते. त्यांच्या शिष्यांत प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन ही नावे आहेत. परंतु दुसऱ्यांच्या चाली सजवण्यात त्यांचे मन भरत नव्हते. आपला राग पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या अंगाने, त्याचा रागपणा शाबूत ठेवून मांडता येईल का, हा त्यांचा ध्यास. सारंग रागावर त्यांनी व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो लिहिला. १९५८ मध्ये चित्रपटसृष्टीतील वादकांना एकत्र करून त्यांनी 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभारला (२००६ मध्ये एनसीपीएने स्थापन केलेला याच नावाचा वाद्यवृंद वेगळा) आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पण या प्रयोगाला स्थिर आश्रय मिळाला नाही. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर माजोर्ड्यात राहिले. १९७७ मध्ये प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून 'अमर अकबर अँथनी'तील नायकाला त्यांचे नाव दिले. देशभर ते नाव पोरासोरांच्या तोंडी झाले. पण अंड्यातून बाहेर येणारा तो सुटाबुटातला अमिताभ सोडून खरा कुणी अँथनी गोन्साल्विस आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. अशोक राणे यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस यांचे गोव्यात निधन झाले.

मराठी गाणेही या परंपरेला पारखे नाही. प्रभाकर जोग यांचे 'गाणारे व्हायोलिन' रसिकांना ठाऊक आहे. सुधीर फडके यांचे सहायक म्हणून त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी बोलले जाते. अनिल मोहिले हे नाव 'अनिल-अरुण' या जोडीमुळे स्मरणात राहिले. प्रत्यक्षात इतर संगीतकारांसाठी त्यांनी केलेल्या संयोजनाचा पसारा त्याहून मोठा आहे. श्यामराव कांबळे आणि पुण्याचे एनॉक डॅनिअल्स यांच्याविषयीही असेच म्हणता येईल.

चिक चॉकलेट मात्र नुसते ऐकूच येत नाहीत, ते दिसतातही. 'अलबेला'तील 'दीवाना परवाना' या गाण्यात पडद्यावर झालरीच्या बाह्यांचे क्युबन पद्धतीचे अंगरखे घालून वाजवणारा जो बँड आहे, तो त्यांचाच. पंधरा वर्षांनी आलेल्या 'आखरी खत'मध्ये (१९६६) खय्याम यांच्या 'रुत जवां जवां' या क्लबमधल्या गाण्यात ते पुन्हा ट्रम्पेट घेऊन उभे आहेत. भूपिंदर गातात, मध्येच गाणे थांबते आणि कॅमेरा वळतो तो ट्रम्पेटवाल्याकडे. काही क्षण पडद्यावर केवळ चिक असतात. ही दोन्ही गाणी आज सहज पाहायला मिळतात.